हृदयाची शस्त्रक्रिया झाली, मग व्यायाम फुफ्फुसांचा का?

बायपास होवो वा झडप बदलली जावो, दुरुस्ती हृदयाची होते आणि पहिल्या आठवड्यात कुरकुर मात्र अनेकदा फुफ्फुसं करतात. दम लागतो, ऑक्सिजनची पातळी जराशी खाली राहते, घशाशी कफ घरघरतो, बारीक ताप येतो, एक्स-रेमध्ये डाव्या फुफ्फुसाचा तळ पांढुरका दिसतो. म्हणूनच व्हेंटिलेटरची नळी निघाली की काही तासांतच आयसीयूत एक लकडा सुरू होतो: "खोल श्वास घ्या, खोका, बसा." छातीचं हाड नुकतंच कापून जोडलेलं असताना हे ऐकायला नकोसं वाटतं. त्यात हातात तीन चेंडूंचं एक प्लॅस्टिकचं यंत्र दिलं जातं आणि बहुतेक जण त्यात जोरात फुंकू लागतात.

तिथेच गणित उलटं होतं. या व्यायामात हवा आत ओढायची असते, आणि तीही सावकाश. छाती भरल्यावर दोन-तीन सेकंद थांबायचं, मग आरामात सोडायची. दिवसभरात हे अनेकदा, पण थोडं थोडं करायचं. जोर, झटका आणि स्पर्धा यांचं इथे काही काम नाही. असं का, हे एकदा समजलं की व्यायाम चुकत नाही, म्हणून आधी ते पाहू.

फुफ्फुसांचा तळ का मिटतो

शांत बसलेला मोठा माणूस एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा घेतो. पूर्ण ताकदीने ओढली तर तीन ते पाच लिटर हवा मावू शकते. म्हणजे एरवी आपण फुफ्फुसांचा लहानसाच भाग वापरतो. तरी ती मिटत नाहीत, कारण दर काही मिनिटांनी नकळत एक मोठा श्वास घेतला जातो. आपण त्याला उसासा म्हणतो आणि त्याचा संबंध मनाशी जोडतो, पण शरीराच्या लेखी ते देखभालीचं काम आहे. फुफ्फुसात कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्या आतल्या ओलाव्यामुळे भिंती एकमेकींना चिकटू पाहतात. त्या चिकटू नयेत म्हणून आत सरफॅक्टंट नावाचा निसरडा पदार्थ पसरलेला असतो आणि वायुकोश ताणला गेला की तो नव्याने पसरतो. उसासा हे ताणण्याचं काम करतो.

शस्त्रक्रियेच्या वेळी ही सगळी व्यवस्था एकदम बंद पडते. भूल दिली की स्नायू सैल पडतात, श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा) वर सरकतं आणि आडव्या शरीरात पोटातले अवयव त्याला आणखी वर ढकलतात. फुफ्फुसांच्या मागच्या आणि खालच्या भागातले वायुकोश काही मिनिटांतच मिटू लागतात. पुढे हार्ट-लंग मशिन सुरू झालं की रक्तात ऑक्सिजन भरण्याचं काम ते करतं आणि तेवढा वेळ फुफ्फुसं बहुधा थांबवलेलीच असतात. रक्त यंत्रातून फिरल्याने अंगभर दाहाची प्रतिक्रिया उमटते. त्यात फुफ्फुसांना किंचित सूज येते आणि सरफॅक्टंटही बिघडतो.

डाव्या बाजूला जास्त त्रास होतो, याला कारणं आहेत. बायपासमध्ये छातीच्या आतल्या भिंतीवरची डावी धमनी सोडवून घेतात, तेव्हा डाव्या फुफ्फुसाचं आवरण बऱ्याचदा उघडलं जातं. हृदयाचा भार त्याच बाजूच्या खालच्या भागावर पडतो. शिवाय श्वासपटलाला हुकूम देणारी फ्रेनिक नस हृदयाला अगदी खेटून जाते. हृदय थंड ठेवण्यासाठी वापरलेल्या बर्फाने किंवा ओढाताणीने ती बधिर होऊ शकते. अशी नस बहुतेक वेळा सुधारते, पण त्याला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात.

मग रुग्ण जागा होतो आणि दुखण्यामुळे वरवरचा श्वास घेऊ लागतो. उसासा येत नाही, कारण छाती पूर्ण फुलली की कळ येते. मॉर्फिनसारखी औषधं दुखणं कमी करतात, पण उसासा आणि खोकल्याची ऊर्मीही दाबतात. श्वासनलिकेतली कफ वर ढकलणारी सूक्ष्म केसांची झालर भूल, नळी आणि कोरड्या ऑक्सिजनमुळे मंदावलेली असते. कफ खाली साचतो, वाट अडवतो, त्यापलीकडचा भाग मिटतो आणि मिटलेल्या भागात जंतूंना निवांत जागा मिळते. पहिल्या दोन-तीन दिवसांत फुफ्फुसांची क्षमता आधीच्या जवळपास निम्म्यावर येते. ती भरून यायला आठवडे लागतात. छातीचं हाड कापलेल्या प्रत्येकाला हे कमी-अधिक प्रमाणात होतं, त्यामुळे "माझी फुफ्फुसं तर ठणठणीत होती" या गोष्टीचा इथे फारसा उपयोग नाही.

मिटलेल्या वायुकोशांजवळून रक्त जातं, पण त्याला ऑक्सिजन मिळत नाही. ते तसंच पुढे हृदयात येतं. नव्याने दुरुस्त झालेल्या हृदयाला मग कमी ऑक्सिजनच्या रक्तावर जास्त काम करावं लागतं. श्वासाच्या व्यायामाचा हृदयाशी थेट संबंध आहे तो हा.

आधी बसणं आणि दुखणं आटोक्यात आणणं

व्यायाम कसा करायचा याआधी कोणत्या स्थितीत करायचा हे ठरतं आणि निम्मं यश त्यातच आहे. सपाट झोपल्यावर फुफ्फुसात श्वासाअखेर उरणारी हवा बसलेल्या स्थितीपेक्षा अर्धा ते एक लिटर कमी असते. म्हणजे आडवं पडून केलेला व्यायाम सुरुवातीलाच घाट्यात असतो. खुर्चीत ताठ बसता आलं तर उत्तम. नाही तर पलंगाची डोक्याकडची बाजू ४५ ते ६० अंश वर करा. इथे एक चूक सर्रास दिसते. पलंग वर केलेला असतो, पण रुग्ण हळूहळू खाली घसरून कमरेतून दुमडलेला असतो, मान उशीवर आणि पोट आवळलेलं. असं बसणं झोपण्यापेक्षाही वाईट, कारण श्वासपटलाला खाली उतरायला जागाच उरत नाही. पलंग जिथे दुमडतो तिथे कंबर येईल इतकं रुग्णाला वर सरकवून घ्या. सरकवताना त्याच्या काखेत हात घालून ओढू नका, त्याने छातीचं हाड फाकतं. नर्सची मदत घ्या.

दुसरी गोष्ट वेदनाशामक औषधाची. "सवय लागेल", "सहन होतंय" असं म्हणून गोळी टाळणारे बरेच असतात. पहिल्या आठवड्यात हा सोशिकपणा फुफ्फुसांना महागात पडतो. खोल श्वास आणि खोकला जमेल इतकं दुखणं कमी असलंच पाहिजे. तोंडाने घ्यायची गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासाने व्यायामाची मुख्य फेरी ठेवा. गोळ्या मात्र लिहून दिलेल्याच घ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या घरात पडून असतात, पण बायपासनंतर त्या हृदयाला आणि मूत्रपिंडांना धोक्याच्या ठरू शकतात.

एक श्वास, नीट

खांदे सैल सोडा. एक तळहात बेंबीच्या थोडा वर पोटावर ठेवा, दुसरा बरगड्यांच्या खालच्या कडेला. आधी एक-दोन श्वास साधे घ्या आणि शेवटचा सावकाश बाहेर सोडा. हवा पिळून काढायची नाही, नेहमीचा उच्छ्वास जिथे संपतो तिथेच संपू द्या.

आता नाकाने तीन ते चार सेकंद हवा आत घ्या. आधी पोटावरचा हात बाहेर यायला हवा, मग बरगड्या बाजूंना फुलायला हव्यात. खांदे कानांकडे जात असतील तर मानेचे स्नायू राबताहेत आणि हवा वरच्या भागातच भरते आहे. आपल्याला तळ उघडायचा आहे. पुरे झालं असं वाटलं की आणखी एक छोटा घोट हवा आत घ्या. मिटलेल्या भागाला ताण देण्यात या शेवटच्या घोटाचा वाटा मोठा असतो.

इथे दोन ते तीन सेकंद थांबा. घसा आवळू नका आणि जोर देऊ नका, फक्त छाती भरलेली राहू द्या. या थांबण्याला चांगलं कारण आहे. सगळे वायुकोश एकाच वेगाने भरत नाहीत. कफाने अरुंद झालेल्या वाटेपलीकडचे उशिरा भरतात, आणि शेजारच्या वायुकोशांमधल्या बारीक छिद्रांतूनही हवा हळूहळू त्यांच्यात शिरते. लगेच श्वास सोडला तर त्यांची पाळीच येत नाही.

मग ओठ किंचित मिटून चार ते सहा सेकंद हवा बाहेर जाऊ द्या. एक श्वास झाला. असे तीन ते पाच श्वास घेऊन अर्धा मिनिट नेहमीसारखा श्वास घ्या, मग पुढचे घ्या. एका फेरीत एकूण दहा. जागं असताना दर तासाला एक फेरी, हा पहिल्या आठवड्याचा सर्वसाधारण हिशोब. तुमच्या फिजिओथेरपिस्टने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. तासाचं भान राहत नसेल तर घरच्या माणसाने घड्याळाची जबाबदारी घ्यावी. रुग्णाजवळ बसून करण्यासारखं याहून उपयोगी काम क्वचितच असेल.

सकाळी एकदम पन्नास श्वास उरकून दिवसभर मोकळं होण्याचा मोह टाळा. उघडलेले वायुकोश वरवरच्या श्वासाने पुन्हा मिटू लागतात, म्हणून वारंवारता महत्त्वाची. शिवाय सलग खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो. त्यामुळे चक्कर येते, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. असं झालं तर घाबरू नका. व्यायाम थांबवा, एक-दोन मिनिटं साधा श्वास घ्या, पुढच्या वेळी वेग कमी करा.

तीन चेंडूंचं यंत्र

याला इन्सेंटिव्ह स्पायरोमीटर म्हणतात. ते औषध नाही आणि स्वतः काम करणारं मशिनही नाही. तुम्ही हवा कशी ओढता हे डोळ्यांना दाखवणारं मोजमाप आहे, एवढंच. यंत्रामुळे फुफ्फुस उघडत नाही, तुमच्या श्वासाने उघडतं. यंत्र हाती नसेल तर वर सांगितलेला व्यायाम पूर्ण पुरतो. बायपासच्या रुग्णांवरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हाही निव्वळ या यंत्राने इतर श्वसन-व्यायामांपेक्षा जास्त फायदा होतो असं दिसलं नाही. मग ते का देतात? कारण कितपत जमतंय हे दिसलं की माणूस व्यायाम करतो.

चेंडूंच्या नळ्यांवर बहुधा ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. हे हवेच्या वेगाचे आहेत, दर सेकंदाला इतके मिलिलिटर. इथेच बहुतेकांची फसगत होते. जोरात हिसका मारला तर तिन्ही चेंडू टणकन वर जातात, पण एका सेकंदात खाली येतात. आत गेली साधारण १.२ लिटर हवा. याउलट पहिलाच चेंडू तीन सेकंद वर तरंगत ठेवला तर १.८ लिटर हवा गेली, आणि ती सावकाश गेल्यामुळे तळापर्यंत पोचली. म्हणून सुरुवातीला एक चेंडू पूर्ण वर, दुसरा अर्धवट, तिसरा तळाशी, ही स्थिती जितके सेकंद टिकेल तितकी चांगली. तिसरा चेंडू उडवणं हे ध्येय ठेवूच नका.

यंत्र उभं धरा. तिरकं केलं की चेंडू सहज चढतात आणि आपलीच फसवणूक होते. मुखनळीभोवती ओठ घट्ट मिटा. कवळी असेल तर लावून बसा. इथे हवा तोंडाने ओढायची असते. नाकातून हवा येत असेल तर चेंडू हलत नाही, तेव्हा दोन बोटांनी नाक हलकेच मिटा. भरल्यावर थांबा, मुखनळी तोंडातून काढा आणि मग हवा सोडा. यंत्रात सोडू नका.

दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात एक पट्टी वर चढते आणि किती मिलिलिटर हवा आत गेली ते थेट वाचता येतं. बाजूला वेग दाखवणारा छोटा दट्ट्या असतो, तो मधल्या खुणेत ठेवायचा. जमत असेल तर हे यंत्र घ्या, कारण यात वेगाचा भ्रम राहत नाही. शस्त्रक्रियेआधी आपला आकडा किती होता तो लिहून ठेवा. समजा तो २००० होता आणि दुसऱ्या दिवशी ८०० आला, तर ते अपेक्षितच आहे. दर दिवशी थोडी चढण दिसायला हवी. दोन दिवस आकडा चढता असताना अचानक उतरला, तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. कदाचित कफ अडकला असेल, फुफ्फुसाभोवती पाणी साचलं असेल किंवा साधं दुखणं वाढलं असेल. मुखनळी रोज साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा आणि यंत्र दुसऱ्या कुणाला देऊ नका.

काही ठिकाणी पाण्याच्या बाटलीत नळी सोडून तिच्यातून बुडबुडे काढायला लावतात. नळीचं टोक पाण्यात १० सेंटिमीटर बुडलेलं असतं, म्हणून श्वास सोडताना तेवढा हलका विरोध मिळतो आणि वायुकोश लवकर मिटत नाहीत. स्वीडनमधला २००५ सालचा ९० बायपास-रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात अशी बाटली वापरून पहिले चार दिवस दिवसा दर तासाला ३० सावकाश खोल श्वास घेतले गेले. चौथ्या दिवशीच्या सीटी स्कॅनमध्ये या रुग्णांच्या फुफ्फुसांचा मिटलेला भाग व्यायाम न करणाऱ्यांच्या जवळपास निम्मा होता. हा प्रकार मात्र सांगितल्याशिवाय आणि शिकवल्याशिवाय करू नका. पाण्याची खोली, नळीची जाडी आणि फुफ्फुसातून हवेची गळती आहे का, हे सगळं आधी पाहावं लागतं.

कफ काढणं

खोकल्याची भीती सगळ्यांनाच असते. टाके तुटतील, हाड उघडेल असं वाटतं. छातीचं मधलं हाड स्टेनलेस स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं आणि आधार देऊन खोकलं तर ते टिकतं. आधार म्हणजे छोटी घट्ट उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल. तो जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी मिठीत घ्यायचा आणि खोकताना छातीशी दाबायचा. स्तनांचा भार जास्त असेल तर सतत आधार देणारा बिनतारेचा ब्रा किंवा छातीचा पट्टा याबद्दल विचारून घ्या. जखमेवरचा ताण त्याने बराच कमी होतो.

पण कफ काढायला खोकलाच हवा असं नाही. त्याआधी हफ करून पाहा. मध्यम श्वास घ्या, तोंड मोठं उघडा आणि आरशावर वाफ धरताना करतो तसा "हाऽऽ" असा उच्छ्वास पोटातून, लांबट आणि दमदार सोडा. घसा उघडा राहिला पाहिजे. खोकल्यात घसा आधी बंद होतो आणि मागे दाब साठतो. हफमध्ये ते होत नाही, म्हणून दुखतं कमी आणि दमही कमी लागतो. मध्यम श्वासाचा हफ लांबच्या बारीक नळ्यांतला कफ वर आणतो. तो मोठ्या नळीत आल्याची घरघर जाणवली की मोठा श्वास घेऊन छोटा, जोरकस हफ करा आणि मग उशी दाबून एक-दोनदा खोका. बेडका सुटला की थांबा.

क्रम असा ठेवा: थोडा साधा श्वास, तीन-चार खोल श्वास, पुन्हा साधा श्वास, एक-दोन हफ, गरज असेल तर खोकला. काहीच सुटत नसेल तर दोन-तीन वेळा हे चक्र करून सोडून द्या. कोरडा कफ ओढून काढायच्या नादात सतत खोकत राहिलं की माणूस थकतो आणि श्वासनलिका आणखी चिडते. पाणी जास्त प्यायलं की कफ पातळ होईल हे खरं असलं तरी हृदयाच्या रुग्णाला दिवसाच्या पाण्याची मर्यादा दिलेली असू शकते, तिच्यात राहा.

शिंक अवेळी येते. उशी नसेल तर हातांनीच स्वतःला मिठी मारा आणि तोंड उघडं ठेवा. शिंक दाबू नका.

श्वास रोखून जोर लावू नका

व्यायामात भरल्या छातीने थांबणं आणि घसा बंद करून कुंथणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुंथताना छातीतला दाब एकदम वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, रक्तदाब वर-खाली होतो आणि हाडाच्या जोडावर ताण येतो. पलंगावरून उठताना, खुर्चीतून उभं राहताना आणि शौचाला हे नकळत घडतं. नियम सोपा आहे: जोर लागतो त्या क्षणी श्वास बाहेर सोडा. उठताना आधी गुडघे वाकवा, अख्खं शरीर एका कुशीवर वळवा, पाय खाली सोडा आणि श्वास सोडत उठून बसा. वेदनाशामकांमुळे बद्धकोष्ठ होतोच, त्यासाठी औषध मागून घ्या, लाजू नका.

याच कारणाने पहिल्या तीन महिन्यांत फुगे फुगवणं, कपालभाती, भस्रिका आणि दीर्घ कुंभक (श्वास बराच वेळ रोखून धरणं) टाळा. फुफ्फुसं "मजबूत" करायला म्हणून फुगे आणून देणारे नातेवाईक प्रेमानेच देतात, पण फुग्यात जोराने फुंकायचं असतं आणि आपल्याला सावकाश ओढायचं आहे. कपालभातीत पोटाचा प्रत्येक झटका ताज्या जोडापर्यंत पोचतो. कापलेलं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरेसं भक्कम व्हायला साधारण तीन महिने. त्यानंतरही सर्जनला विचारूनच हे प्रकार सुरू करा. अनुलोम-विलोम कुंभकाशिवाय, कोपर अंगाला टेकवून आणि दम न लागता करायला सहसा हरकत नसते, पण तासातासाच्या खोल श्वासांची जागा ते घेत नाही.

चालणं हाही श्वासाचाच व्यायाम

चालायला लागलं की श्वास आपोआप खोल होतो, म्हणून पहिल्याच दिवशी खुर्चीत बसवतात आणि लगोलग चालवायला सुरुवात करतात. छातीतलं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या असतानाही चालता येतं, फक्त त्यांचा डबा छातीच्या पातळीखाली राहिला पाहिजे. वेगाची कसोटी अशी: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागत असेल तर वेग जास्त आहे.

घरी गेल्यावर दर तासाची फेरी हळूहळू दिवसाला चार-पाच वेळांवर आणा आणि चालणं वाढवत न्या. स्पायरोमीटरचा आकडा आधीच्या जवळपास आला, कफ थांबला आणि रोज अर्धा तास चालणं जमू लागलं की हा व्यायाम सुटला तरी चालतं. बहुतेकांना यासाठी चार ते सहा आठवडे लागतात. पुढचं काम कार्डिॲक रिहॅबच्या, म्हणजे हृदयरुग्णांसाठी आखलेल्या देखरेखीखालच्या व्यायामाचं.

शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल तर

तुमच्याकडे सगळ्यात मोलाची संधी आहे. ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेआधी श्वासाच्या स्नायूंचा सराव केला तर फायदा होतो, याचा पुरावा चांगला आहे. नेदरलँड्समधल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुफ्फुसांच्या गुंतागुंतीचा धोका जास्त असलेल्या बायपास-रुग्णांनी शस्त्रक्रियेआधी किमान दोन आठवडे, रोज २० मिनिटं, विरोध देणाऱ्या छोट्या उपकरणातून हवा ओढण्याचा सराव केला. नंतर गुंतागुंत त्यांच्यापैकी १८ टक्क्यांना झाली, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांना. असं उपकरण मिळालं नाही तरी खोल श्वास, हफ, उशी धरून खोकणं आणि कुशीवरून उठणं हे सगळं आधीच शिकून घ्या. भुलीच्या गुंगीत, दुखत असताना नवं काही शिकणं फार कठीण जातं. धूम्रपान आजच थांबवा. चार आठवडे किंवा जास्त मिळाले तर कफ आणि जंतुसंसर्गाचा धोका स्पष्ट कमी होतो.

केव्हा थांबायचं, केव्हा कळवायचं

छातीत दाबल्यासारखं दुखलं, धडधड सुरू झाली, नाडी अनियमित लागली किंवा घाम फुटला तर व्यायाम तिथेच थांबवून सांगा. नाडीची लय बिघडणं शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी बऱ्याच जणांत होतं. ते व्यायामामुळे होत नाही, पण त्यावर उपचार लागतात. खोकताना किंवा कूस बदलताना छातीच्या हाडात "कट्" असा आवाज किंवा सरकल्याची जाणीव झाली, जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी दाखवा.

घरी आल्यावर शांत बसूनही दम लागणं, सपाट झोपता न येणं, एका दिवसात एक ते दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोंहून जास्त वजन वाढणं ही शरीरात पाणी साचत असल्याची लक्षणं आहेत. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप आणि पिवळा-हिरवा बेडका असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. काही आठवड्यांनी बारीक ताप आणि श्वास घेताना टोचल्यासारखं दुखणं असं सुरू झालं तर हृदयाच्या किंवा फुफ्फुसाच्या आवरणाला सूज आलेली असू शकते. ती औषधांनी बरी होते, व्यायाम वाढवून नाही. एकाएकी दम लागला, खोकल्यातून रक्त आलं किंवा एका पोटरीत नवी सूज आणि दुखणं दिसलं तर रक्ताच्या गुठळीचा विचार करून लगेच रुग्णालय गाठा. बायपाससाठी ज्या पायातून शीर काढलेली असते तो थोडा सुजतोच, म्हणून आधीच्या सुजेशी तुलना करून सांगा.

बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा पाहताना बोट गरम आणि नखं रंगाविना असू द्या, हात अर्धा मिनिट स्थिर ठेवा. डॉक्टरांनी वेगळी मर्यादा सांगितली नसेल आणि दहा खोल श्वास घेऊन, ताठ बसूनही आकडा ९२ च्या खालीच राहत असेल तर फोन करा. फोनवर चार गोष्टी तयार ठेवा: आजचा स्पायरोमीटरचा आकडा आणि कालचा, आजचं वजन आणि डिस्चार्जच्या दिवसाचं, ताप, आणि आडवं झोपल्यावर दम वाढतो की नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार कामाचं असतं. दम उताणं झोपल्यावरच वाढत असेल आणि श्वास आत घेताना पोट बाहेर येण्याऐवजी आत जात असेल, तर श्वासपटलाची नस अजून सुस्त असण्याची शक्यता असते. त्याची तपासणी वेगळी करावी लागते.